जर्मन हे बोलणं धरायचं का?

अबोल्याला नऊ वर्षं पूर्ण झाली त्या जुलैत हिरामणची भाविका माणगावात पंख्याशी जर्मन बोलली आणि नापास झाली.

तशी ती परीक्षा खरी नव्हती. खरीला अकरा दिवस होते. ही मृणाली मॅडमनी घेतलेली सराव परीक्षा होती, हार्डवेअरच्या दुकानावरच्या त्यांच्या क्लासमध्ये. खाली कुणी पत्रा कापायला लागलं की वर सगळे विद्यार्थी आपोआप मोठ्यानं जर्मन बोलत. मॅडमच्या मते तोंडी परीक्षेसाठी ह्याहून चांगली तयारी नव्हती.

तोंडी परीक्षा जोडीनं असते. दोघांना मिळून एक चिठ्ठी देतात. मित्र दवाखान्यात आहे, त्याला भेटायला जायचंय; कधी जायचं, काय न्यायचं, दोघांनी बोलून ठरवा. वेळ तीन मिनिटं. समोर दोन परीक्षक मार्क देत बसतात. भाविकाच्या जोडीला कल्पिता आली होती. दोघी एका गावच्या, एका आडनावाच्या, दोघींचं नर्सिंग झालेलं, फॉर्म एकामागोमाग भरलेले, म्हणून केंद्राच्या यादीत नंबरही एकामागोमाग आले आणि जोडी लागली. मॅडमना बरं वाटलं होतं. एका गावच्या मुली म्हणजे एसटीतसुद्धा सराव होईल. भाविका एसटीत पुढच्या दारापाशी बसते आणि कल्पिता शेवटच्या सीटवर, हे मॅडमना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

भाविकानं चिठ्ठी वाचली, मान वर केली आणि छताच्या पंख्याला जर्मनमध्ये विचारलं, की शनिवारी गेलो तर चालेल का?

कल्पितानं फळ्याला सांगितलं, की शनिवारी ड्यूटी आहे, रविवारी जाऊ.

भाविकानं पंख्याला कळवलं, की रविवार उत्तम, पण न्यायचं काय? फळ्यापुढे कल्पितानं फुलांचा विषय काढला. पंख्याला भाविकानं पुस्तक सुचवलं. तीन मिनिटं संपायच्या आत सगळं ठरलं, बसचं तिकीट कोण काढणार इथपर्यंत, आणि त्यात एकही चूक नव्हती.

"सुरेख," मॅडम म्हणाल्या. "दोघी नापास."

"का मॅडम?"

"परीक्षकांना दोन माणसं एकमेकांशी बोलताना दिसली पाहिजेत. तुम्ही दोघी विजेच्या वस्तूंशी बोलताय."

"फळा विजेचा नाहीये," मागून कुणीतरी म्हणालं.

"लाजताय का एकमेकींना?"

"लाजत नाही, मॅडम," भाविका म्हणाली. "आमच्यात नि त्यांच्यात बोलत नाहीत."

कल्पितानं फळ्याकडे बघून मान डोलावली.

"त्या कोण तुमच्या?"

"चुलत बहीण."

मॅडमनी केंद्राला फोन लावला. केंद्र म्हणालं, यादी लागली ती लागली. मग मॅडमनी दोघींच्या फायली उघडल्या. दोन्हींत एकच पत्र होतं, जर्मनीतल्या एका छोट्या गावच्या वृद्धाश्रमाचं. बी वन पातळीच्या जर्मनचं सर्टिफिकेट ऑगस्टअखेर पोचलं तर दोघींना नोकरी, नाहीतर जागा पुढच्या यादीतल्यांना. दोन वर्षं त्या मुली पहाटेची एसटी धरून माणगावला येत होत्या. मॅडमनी रविवारी म्हसळ्याची गाडी पकडली, तिथून टमटम केली आणि खाडीच्या तोंडावरच्या कोळीवाड्यात उतरल्या.

*

आता एका टाकीबद्दल.

हिरामण आणि दयाराम ह्या दोन भावांची घरं एका भिंतीची, आणि भिंतीवर दोन्ही घरांची मिळून एक काळी पाण्याची टाकी. नऊ वर्षांपूर्वी पापलेटच्या हंगामात दोघांची जाळी समुद्रात एकमेकांत गुंतली आणि वर आली तेव्हा दोन्ही कापलेली होती. आधी कुणी कापलं, हा प्रश्न आता नऊ वर्षांचा झाला होता. शाळेत घातला असता तर चौथीत गेला असता. त्याच आठवड्यात दोन्ही भावांनी गावदेवीपुढे नारळ ठेवून आण घेतली, की ह्या घरचं माणूस त्या घरच्या माणसाशी बोललं तर त्याच्या जाळ्यात मासळी न येवो. नारळ फोडला नव्हता. तो देवीपाशी तसाच होता आणि हलवला की आत खुळखुळ वाजायचा.

पण एका भिंतीला राहायचं म्हटलं की काही बोलणं अडतं. ते टाकीमार्फत होऊ लागलं.

"टाके, मोटार चालू ऱ्हायलीय," हिरामण अंगणातून मोठ्यानं म्हणे.

पलीकडे दयाराम मोटार बंद करी आणि म्हणे, "टाके, बंद केली."

हिरामणच्या सासऱ्यांचं जाणं, दयारामच्या पायाचं प्लास्टर, दोन्ही पोरींचे बारावीचे निकाल, सगळं आधी टाकीला कळलं. पोरी चौदाव्या वर्षापासून ह्यातच वाढल्या. पंख्याशी बोलण्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. त्यांच्याकडे ती रीत होती.

*

बैठक देवळापुढच्या मंडपात भरली. मासेमारी बंद, होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या, त्यामुळे गावाला वेळच वेळ होता. बैठक दोन घरांची असली तरी ऐकायला साठेक माणसं आली आणि त्यांतली निम्मी आपापली जाळी विणायला घेऊन आली. गावकीचा प्रमुख दादू पाटील मधोमध खुर्चीवर. त्याच्या उजवीकडे हिरामण, डावीकडे दयाराम, दोघांचीही पाठ एकमेकांकडे, म्हणजे दादूला दोघांचेही कान तेवढे दिसत होते. देवीच्या पायरीवर कृष्णाबाई. भावांची आत्या, वय अठ्ठ्याहत्तर. नारळ तिच्याच हातून ठेवला गेला होता आणि आण सांभाळायची जबाबदारीही तिचीच होती. सगळं गाव तिला आत्याच म्हणे.

मॅडमनी उभं राहून सगळं सांगितलं: परीक्षा, जोडी, तीन मिनिटं, समोरासमोर.

"म्हंजे बोलावं लागंल," दादू म्हणाला.

"हो."

"ते जमनार न्हाय. आण हाय."

"पण ते जर्मनमध्ये बोलायचंय."

मंडपात जाळी विणणारे हात थांबले. हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दादू पाटलानं खुर्ची पुढे ओढली. पंधरा वर्षं तो जाळी, हद्दी आणि बकऱ्या ह्यांचेच निकाल देत होता. आज पहिल्यांदाच त्याला कायद्याचा खराखुरा मुद्दा मिळाला होता. "थांबा," तो म्हणाला. "बोलनं म्हंजे काय? समोरच्याला कललं तर बोलनं. कललं न्हाय तर तो नुसता आवाज."

"पोरींना कलतंय की," हिरामण म्हणाला.

"पोरींना कलतंय. पन दोन्ही घरांना कलतंय का? आण घरांची हाय."

दयारामनं मंडपाच्या खांबाकडे तोंड केलं. "खांबा, त्याला सांग, घर म्हंजे भिंती न्हाय. पोरी म्हंजेच घर."

"खांबा," हिरामण आपल्या बाजूच्या खांबाला म्हणाला, "त्याला सांग, मी काय वेगलं बोललो?"

"हे खांबा कोण?" मॅडमनी शेजारच्या बाईला हळूच विचारलं.

"खांबच," बाई म्हणाली.

कृष्णाआत्या म्हणाली, "देवीला कलतंय. तेवढं पुरे हाय."

"देवीला जर्मन येतं?" मॅडमनी विचारलं. त्यात थट्टा नव्हती. नवीन विद्यार्थ्याची पातळी विचारावी तसं त्यांनी विचारलं.

"बोटीवरच्या नेपाली खलाशाचा नवस पोचतो तिला. मासली घ्यायला येतो त्या शेटचा गुजरातीत पोचतो. जर्मन काय मोठं लागून गेलं?"

मग सखुबाई उठली. सखुबाई म्हणजे हिरामणची बायको, भाविकाची आई. "आत्या, देवीला कलतंय ना? मंग तिला ह्ये पन कलंल, पोरी भांडत न्हाय, संसाराचं बोलत न्हाय. मित्र आजारी हाय, त्याला बघायला जायचं ठरवतात."

"कोन मित्र?" हिरामण गर्रकन वळला.

"पुस्तकातला आहे," मॅडम म्हणाल्या.

"नाव काय त्याचं?"

"नाव नाही दिलेलं."

"नाव न्हाय, गाव न्हाय, आनि ह्या दोगी फुलं घेऊन त्याला बघायला चालल्या?"

दयारामनं खांबाला कळवलं, "खांबा, ह्यात तो बराबर बोलतोय."

नऊ वर्षांत दोन भावांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं होतं आणि ती गोष्ट म्हणजे जर्मन पाठ्यपुस्तकातला एक निनावी आजारी मुलगा. मॅडमनी बॅगेतून पेन काढलं आणि चिठ्ठीत मित्राची मैत्रीण केली. दादूनं तशी नोंद घेतल्यासारखी मान हलवली.

"तरी पन मला पटत न्हाय," आत्या म्हणाली. "आज जर्मन, उद्या इंग्लिश, परवा व्हाट्सॲप. आणीला भोक पडलं की पडलं."

"आत्या, पोरींची दोन वर्षं फुकट जातील हो!" सखुबाईचा आवाज चढला आणि त्या भरात ती सरळ पलीकडे वळली. "केसर, तू तरी सांग ना गं! काल बाजारात मला काय बोललीस तू?"

केसर दयारामची बायको. दोघी जावा.

कुणाच्या तरी हातातली जाळं विणायची सुई फरशीवर पडली.

"काल?" हिरामण म्हणाला.

"बाजारात?" दयाराम म्हणाला. ह्या वेळी खांब दोघांच्याही लक्षात राहिला नाही.

सखुबाईनं पदर सारखा केला. "आण गावात घेतलेली. म्हसल्याचा बाजार गावात येत न्हाय."

"कुनी ठरवलं?"

"आमी दोगींनी," केसर म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण ती उठून उभी राहिली आणि मग बसली नाही.

"नऊ वर्षं बोलताय तुमी?"

"साडेआठ. पयले सहा महिने मी पन खरंच रागावलेली."

हिरामणच्या डोक्यात जे चाललं होतं त्याला राग म्हणता येत नव्हतं. तो हिशेब लावत होता. साडेआठ वर्षं दर बाजारी त्याची बायको दयारामच्या बायकोशी बोलत होती. म्हणजे दयारामचा पाय मोडला तेव्हा कुठल्या डॉक्टरकडे नेला, हे तिला ठाऊक होतं. दयारामनं होडीला रंग कुठला लावायचा ठरवलाय, हे ठाऊक होतं. आणि तो स्वतः साडेआठ वर्षं टाकीला कान लावून बसला होता.

"खांबा, त्याला सांग," दयाराम म्हणाला, "दोन वर्सांमागं पापलेट गेला तो ह्याच्यामुलंच."

"पापलेट सगल्या किनाऱ्याचा गेलेला," हिरामण म्हणाला. "गुजरातपर्यंत. तिकडच्या बायका पन बाजारात बोलल्या काय?"

"तू खांबाला न बोलता बोललास," दादूनं निदर्शनास आणलं.

"खांबा," हिरामणनं घाईनं मागाहून जोडलं.

*

दादू पाटलानं शेवटी सांगितलं, की आवाज ऐकल्याशिवाय तो आवाज आहे का बोलणं, हे ठरवता येणार नाही. पोरींनी बोलून दाखवावं.

आत्यानं अट घातली. पुस्तकात आहे तेवढंच बोलायचं. पुस्तकाबाहेरचा एक शब्द जरी आला तर आण मोडली असं धरायचं, मग परीक्षा नाही, जर्मनी नाही. आणि मॅडमनी प्रत्येक वेळी पान सांगायचं.

"चालेल," मॅडम म्हणाल्या.

एकानं मोबाइल वर केला. त्यात बोललेलं आपोआप मराठीत होतं म्हणे. पण मंडपात रेंज नव्हती. रेंजसाठी जेटीच्या टोकाला जावं लागे, आणि एवढी गंमत सोडून जेटीला कोण जाणार? त्यानं मोबाइल खिशात घातला.

प्लास्टिकच्या दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. पोरी बसल्या.

कल्पितानं मान वर केली आणि पहिल्यांदा तिला भाविकाच्या डाव्या भुवईवरचा बारीक व्रण दिसला. नऊ वर्षं तिनं भाविकाला पाठमोरं बघितलं होतं, बाजूनं बघितलं होतं, एसटीच्या आरशात बघितलं होतं. समोरून चेहरा ती विसरली नव्हती, पण तिच्या आठवणीतला चेहरा चौदा वर्षांच्या मुलीचा होता. ही बाई त्या मुलीची मोठी बहीण वाटत होती.

"मैत्रीण दवाखान्यात आहे," भाविकानं जर्मनमध्ये सुरुवात केली. "आपण तिला भेटायला जाऊ या. वास मायन्स्ट डू?"

तुला काय वाटतं, असा त्याचा अर्थ. प्रत्येक जोडीनं हे एकमेकांना विचारायचंच, त्याला मार्क असतात.

"काय बोलली?" आत्या.

"पान एकोणसाठ," मॅडम म्हणाल्या.

कल्पिता म्हणाली, रविवारी जाऊ. पान साठ. भाविका म्हणाली, फुलं नेऊ. तेही साठच. लोक मागे टेकले. जर्मन ऐकून ऐकून कंटाळवाणं वाटायला लागलं होतं. हिरामणला मात्र सारखं वाटत होतं की पोरगी आपल्याबद्दल काहीतरी बोलतेय.

मग कल्पिता थांबली. तिनं चिठ्ठी मांडीवर पालथी ठेवली.

"तू आजारी होतीस," ती जर्मनमध्ये म्हणाली. "बारावीला. तीन आठवडे. मी आले नाही."

मृणाली मॅडम ताठ झाल्या. आख्ख्या मंडपात हे कळणारं तिसरं माणूस त्या एकट्याच होत्या.

"तू आलीस," भाविका म्हणाली. "रोज संध्याकाळी. भिंतीपलीकडे टाकीखाली उभी राहायचीस. मला तुझ्या चपला ओळखू येतात."

"मला काही बोलता आलं नाही."

"मी पण खोकायचे नाही. तू आहेस तोवर खोकायचं नाही, असं ठरवलेलं. तुला भीती वाटली असती."

कल्पिताला पुढं काहीतरी सांगायचं होतं. ते अर्धं बाहेर आलं आणि त्यात एका शब्दाचं लिंग चुकलं.

"डेअर नाही, डी," मॅडम सवयीनं म्हणाल्या.

"डी," दोघी एकदम म्हणाल्या, आणि दोघींच्या डोळ्यांतून एकदमच पाणी आलं.

"हे पुस्तकात हाय?" कृष्णाआत्यानं विचारलं.

"पान त्रेसष्ट," मॅडम म्हणाल्या. "आजाऱ्याची विचारपूस."

"मंग ती रडते कशाला?"

"भाषा अवघड आहे, आजी."

"आनि ती दुसरी?"

"तिलापण अवघडच जाते."

"अरेरे," मागून एक म्हातारा कळवळून म्हणाला. "दोन वर्सं झाली तरी?"

कृष्णाआत्या पायरीवरून उठली. साठ वर्षं तिनं जेटीवर लिलावात मासळी विकली होती. गिऱ्हाईक कुठल्याही भाषेत बोलू दे, ते खरंच परवडत नाही म्हणतंय का उगाच म्हणतंय, हे तिला तोंडावरून कळायचं. पुस्तकातल्या मैत्रिणीसाठी एवढं पाणी कुणाच्या डोळ्यांत येत नाही, हे सांगायला तिला जर्मनची गरज नव्हती.

"पुस्तक द्या," तिनं हात पुढं केला.

मॅडमचा चेहरा उतरला. पुस्तक न देण्याचं एकही कारण त्यांना सुचलं नाही. त्यांनी ते दिलं.

आत्याला अक्षरं येत नव्हती. आकडे येत होते. आकड्यांवाचून लिलाव होत नाही. तिनं थुंकी लावून एकेक पान उलटलं, त्रेसष्ट काढलं आणि पुस्तक डोळ्यांपासून लांब धरलं. पानभर एका सायकलचं चित्र होतं. तिच्या प्रत्येक भागाकडे एकेक बाण काढला होता. ब्रेक, घंटी, चाक. दवाखाना नव्हता, खाट नव्हती, सलाइनची बाटली नव्हती.

आत्यानं सायकल बराच वेळ पाहिली. मग दोन्ही पोरींकडे पाहिलं. मग पुस्तक मिटलं आणि ते देवीकडे न वळवता तसंच मॅडमच्या हातात दिलं.

"बराबर हाय," ती म्हणाली. "पुस्तकातलंच बोलतात."

मॅडमनी पुस्तक छातीशी धरलं. ह्या बाईला आपण चोरी करताना सापडलो आणि तीच आता आपल्या बाजूनं साक्ष देतेय, एवढं त्यांना समजलं.

दादू पाटलानं घसा साफ केला. निकाल द्यायची त्याची इच्छा अनावर झाली होती. त्यानं देवीपाशी जाऊन नारळ उचलला, दोनदा खुळखुळवला, परत ठेवला आणि जाहीर केलं, की जर्मन हे बोलणं धरण्यात येणार नाही. तो आवाज आहे. लाटेचा असतो तसा.

"कदीपर्यंत?" दयारामनं विचारलं. "परीक्षेपर्यंतच का?"

दादूनं आत्याकडे पाहिलं.

"जर्मन हाय तवर," आत्या म्हणाली.

*

परीक्षा झाली. दोघी पास झाल्या. तोंडीत भाविकाला कल्पितापेक्षा दोन मार्क कमी पडले, कारण चिठ्ठीतलं सोडून ती भलतंच बोलत राहिली, असं परीक्षकानं लिहिलं होतं. सर्टिफिकेटं मुदतीत पोचली. जायचं जानेवारीत ठरलं.

पण गावाला ज्याचा अंदाज आला नव्हता ते वेगळंच. परीक्षा संपली तरी पोरी थांबल्या नाहीत. सकाळी नळाला पाणी आलं की भिंतीच्या अलीकडून पलीकडे जर्मन सुरू होई ते अंथरूण घालेपर्यंत. त्यात सांगणं होतं, चिडवणं होतं, आणि एकसारखं हसणं होतं. बाजारात अपुरं राहिलेलं बोलणं आता सखुबाई आणि केसर पोरींच्या तोंडून पुरं करून घेत. सखुबाईनं भाविकाला सांगायचं, भाविकानं ते भिंतीपलीकडे जर्मनमध्ये करायचं, कल्पितानं तिकडे केसरला मराठीत परत द्यायचं. ह्या रस्त्यानं एकदा कोलंबीच्या लोणच्याची अख्खी कृती पलीकडे गेली आणि मीठ दुप्पट होऊन पोचली. तरी लोणचं सगळ्यांनी खाल्लं.

नारळीपौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या. जाळी रिकामी आली नाहीत. हिरामणनं हे रोज मोजलं. दयारामही मोजत असावा, कारण दोघंही जेटीवर उतरले की आधी स्वतःच्या टोपल्यांकडे बघत आणि मग दुसऱ्याच्या.

घरी आलं की हिरामण ओट्यावर बसे. आत पोरगी हसे, पलीकडे पुतणी हसे. मध्येच दयाराम पलीकडून खाकरे, म्हणजे तोही ओट्यावरच असे. "काय बोलली गं ती?" हिरामण विचारी. "काही नाही, बाबा, असंच," भाविका म्हणे. एके दिवशी हसता हसता कल्पिता त्याच्याबद्दलच काहीतरी बोलली. त्यात त्याचं नाव आलं. मग पलीकडे दयारामही हसला. त्यालाही जर्मन येत नव्हतं, पण नाव ऐकून हसला. हिरामणला त्या रात्री जेवण गोड लागलं नाही आणि का लागलं नाही, ते सांगता आलं नाही.

सप्टेंबरातल्या एका सोमवारी तो माणगावला गेला. घरी इंजिनाचा पट्टा आणायचाय असं सांगून गेला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. पट्टा आणायला कुणी इस्त्रीचा शर्ट घालत नाही, हे सखुबाईनं पाहिलं. हार्डवेअरच्या दुकानाचा जिना तो चढला. वर बारा-पंधरा पोरंपोरी खाली पत्रा कापला जात असल्यामुळे मोठमोठ्यानं जर्मनमध्ये आपापली नावं सांगत होती.

"या, या," मृणाली मॅडम उठल्या. "भाविकाचं काही राहिलंय का?"

"तिचं न्हाय." हिरामणनं टोपी काढून हातात घेतली. "क्लासला वयाची अट हाय?"

"नाही. कोणासाठी?"

"माज्यासाठी."

मॅडमनी फॉर्म पुढे सरकवला आणि वाचून दाखवू लागल्या. नाव. वय, अठ्ठावन्न. शिक्षण, सातवी. "नापास न्हाय," तो म्हणाला, "सोडली." शेवटी विचारलं होतं, जर्मन कशासाठी शिकायचंय, आणि पुढे चार चौकोन होते. नोकरी, उच्च शिक्षण, पर्यटन, कुटुंबाकडे राहायला जाणे.

"ह्यातलं एक निवडायचं?"

"एकच."

त्यानं चारही चौकोनांवरून पेन फिरवलं. मग चौथ्या चौकोनात खूण केली, एवढ्या जोरानं की ती कागदाच्या पाठीमागं उमटली.

"भाविकाकडे जाणार का राहायला?"

"न्हाय. ती तिकडं गेली तरी माज्याशी आपल्याच बोलीत बोलंल."

"मग जर्मनीत तुमचं कोण आहे?"

हिरामणनं पेनाला टोपण लावलं आणि पेन फॉर्मवर सरळ ठेवलं.

"जर्मनीत कोन न्हाय, मॅडम," तो म्हणाला. "बाजूलाच ऱ्हातो."